हिवताप गावाने आवरला, मग उपकेंद्राला कुलूप का?

खाडीपलीकडचा

गेल्या ग्रामसभेत आरोग्य खात्याच्या साहेबांनी आमच्या गावाचं कौतुक केलं. चिरेखाणीच्या डबक्यांत गप्पी मासे गावाने सोडले, आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, गावाने पाळला, ताप आलेल्या प्रत्येकाचं बोट आशाताईंनी टोचलं, आणि दोन वर्षं हिवतापाचा रुग्ण नाही. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. घरी येताना वाटेत उपकेंद्राचं कुलूप दिसलं.

माझं म्हणणं कडू लागेल, पण हिवताप गावाच्या गळ्यात घातल्यापासून यंत्रणेने अंग काढून घेतलंय. आमच्या लहानपणी मलेरियावाला पंधरवड्याने वाडीवर यायचा. दारामागच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायचा. तापाची चौकशी करता करता कोण गरोदर आहे, कुणाच्या पोराला खरूज झालीय हेही त्याच्या वहीत जायचं. आता काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "आशा आहे ना तुमच्याकडे!"

गेल्या लावणीत शेजारच्या काकांना ताप भरला. आशाताई तासाभरात आल्या, थेंबभर रक्त किटवर घेतलं. पंधरा मिनिटं आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ उठली. मलेरिया नाही. काकू म्हणाल्या, "सुटलो बाई!" आणि चहा ठेवला. तिसऱ्या दिवशी काकांचे डोळे लालबुंद, पोटऱ्यांना हात लावू देईनात, लघवी कमी. उपकेंद्र बंद. 108 ने जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा कळलं, लेप्टो, उंदराच्या मुताने दूषित चिखलपाण्यातून होणारा ताप. ताईंची यात तसूभर चूक नाही. त्यांच्या हातात एकाच तापाचं किट होतं.

निवृत्त लॅबवाला

तुमच्या त्या मलेरियावाल्याने घेतलेल्या काचपट्ट्या माझ्याच टेबलावर यायच्या, म्हणून बोलतो. पावसाळ्यात गठ्ठेच्या गठ्ठे. काहींवर मुंग्यांनी रक्त खाल्लेलं, काहींवर बुरशी. जेएसबी नावाच्या रंगाने रंगवून, एकेक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिपोर्ट गावात पोचेपर्यंत आठ-दहा दिवस सहज जायचे. तोवर चाकरमानी मुंबईला परत, अंगात जंतू घेऊन. मधल्या काळात काय? गृहीतोपचार. ताप आहे ना, मग घे क्लोरोक्विनच्या चार गोळ्या. तुम्हाला भिंतीवरची सही आठवते, मला या पट्ट्या आठवतात.

आज व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला तर त्याच दिवशी क्लोरोक्विन सुरू होतं, मोठ्या माणसाला 4, 4 आणि 2 असं तीन दिवस. सोबत प्रायमाक्विन चौदा दिवस, कारण जंतू यकृतात दडी मारून बसतो. चौथ्या दिवशी ताप नसतो आणि माणूस गोळ्या खिडकीत ठेवून देतो. उरलेले दहा-अकरा दिवस त्याच्या दारात कोण उभं राहणार? डॉक्टर?

आणि नुसत्या सरकारी यंत्रणेचं म्हणाल, तर 1965 मध्ये देशात हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. मग 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. तेव्हा आशा नव्हती हो.

खाडीपलीकडचा

लॅबवाले काका, 1976 चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डास डीडीटीला दाद देईनासे झाले हे खरंच. पण दुसरं कारणही तितकंच खरं. फवारणीवाल्यांनी रोग खाली आणला आणि पुढची पाळत ज्या ग्रामीण आरोग्य केंद्रांवर सोपवली, ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच होती. रोग आवरला म्हणून यंत्रणा सैल सोडायची, मला भीती त्याचीच आहे.

तीन वाड्यांची आशा

दादा, तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत असं तुम्हाला वाटतंय, म्हणून सांगते. माझ्यामुळे उपकेंद्राला कुलूप लागलं नाही. नर्सबाईंची बदली झाली आणि जागा भरली नाही म्हणून लागलं. मी उद्या किट परत केलं तर कुलूप उघडेल का?

पैशाचं ऐका. रक्तनमुना घेतला की थोडे पैसे, रुग्ण निघाला आणि उपचार पूर्ण करून घेतला की त्याहून जास्त. म्हणजे गावात हिवताप राहिला नाही की ते जास्तीचे पैसे पण गेले. काम चांगलं केल्याची ही शिक्षा. 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसलो तेव्हा कुठे राज्याने महिन्याचा मोबदला वाढवला. नावाला आम्ही अजून स्वयंसेविकाच.

पण एक गोष्ट तुमच्या हिशोबात नाही. आधी सासवा मला पडवीच्या आत घेत नव्हत्या. बोट टोचून तिथल्या तिथे सांगायला लागले, तेव्हापासून रात्री-अपरात्री हाक येते. बाळंतपणाला दवाखान्यात चला म्हटलं तर आता ऐकतात. खोकला महिनाभर आहे म्हणून थुंकीची डबी माझ्याकडे देतात. हे त्या किटने मिळवून दिलं. काकांच्या वेळी मी नर्सबाईंना तीनदा फोन केला होता, तेही लिहायला हवं होतंत.

चाकरमानी 07

गप्पी-बिप्पी सगळा देखावा. बंदरावर टायरांचा ढीग पडलाय, तो जाळा आधी. मलेरिया तिथूनच येतो.

निवृत्त लॅबवाला

टायरातला डास डेंग्यूचा. हिवतापाचा ॲनोफिलीस चिरेखाणीच्या स्वच्छ पाण्यात, विहिरीत, टाकीत. टायर हटवा, पण जाळू नका.

कातळावरचा बागायतदार

सगळे "गाव, गाव" करताय, पण गाव म्हणजे कोण? माझ्या कलमांच्या बागेत मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत नेपाळी गुरखे असतात. बायकापोरांसकट, कातळावरच्या खोपटात, वाडीपासून दोन किलोमीटर. ते ना ग्रामसभेत, ना आशाताईंच्या रजिस्टरात. बंदरावर मासेमारी बंदी 31 जुलैला संपली की खलाशी परततात, कुठकुठल्या मुलखातून, अंगात काय घेऊन कोण जाणे. गावाच्या लोकसहभागात हे लोक बसत नाहीत. ग्रामसभेत मी गुरख्यांचा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाला, "त्यांचं तुम्ही बघा, तुमची माणसं." म्हणून निव्वळ गावावर सोडायला माझा विरोध आहे. सरकारी माणसाला निदान आपलं-परकं नसतं.

तीन वाड्यांची आशा

मी गेले होते हो बागेत. कुत्रा सोडला होता.

कातळावरचा बागायतदार

तो माझ्यावरही भुंकतो. पुढच्या खेपेला फोन करा, मी येतो सोबत.

मालवणी माणूस

आमच्याकडे दोडामार्ग-बांद्याच्या बाजूक ताप इलो की पयलो प्रश्न, माकडताप तर नाय मां? मगे लेप्टो, डेंगी. मलेरियाचा नाव शेवटाक. किट एका तापाचा आणि ताप पाच तऱ्हेचे. खाडीपलीकडच्याचा ह्या म्हणणा माका पटता.

माजी वैद्यकीय अधिकारी

मी आठ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आहेत. किट गावात गेल्यावर माझ्या ओपीडीतली तापाची रांग आटली, आणि बीपी-साखरेच्या पेशंटशी पहिल्यांदा दोन मिनिटं बोलता आलं. हा फायदा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तोटाही पाहिला आहे. वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने घ्यायचेच असं उद्दिष्ट, म्हणून मार्चमध्ये ताप नसलेल्यांचीही बोटं टोचली जायची. आणि जंतू महिनोन्‌महिने दिसलाच नाही की तंत्रज्ञाची नजर मंदावते. लॅबवाले काका नाकारणार नाहीत. श्रीलंकेला 2016 मध्ये हिवतापमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं, तरी त्यांनी हिवतापाचं वेगळं खातं मोडलं नाही. आपल्याकडे शून्य आलं की पहिली कात्री रिक्त पदाला.

धागाकर्त्याशी माझा मतभेद एवढाच, की तुम्ही दोष चुकीच्या जागी देताय. काकांच्या दारात जे घडलं त्यात किटचं काम संपलं होतं. एकच रेघ आली की पुढे काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. लावणीतला ताप, किट निगेटिव्ह, डोळे लाल किंवा पोटऱ्या दुखतायत, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, डॉक्सीसायक्लिन हे लेप्टोचं औषध सुरू करायला उशीर नको. एवढं ताईंच्या रजिस्टरात एका ओळीत लिहिता येतं. पण त्या डॉक्टरकडे गाडी, औषध आणि डॉक्टर स्वतः हजर हवा. ते गावाने कितीही गप्पी सोडले तरी येत नाही.

खाडीपलीकडचा

नजर मंदावण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. आणि ताई, तीन फोनचं मला माहीत नव्हतं, माफ करा. तुमच्यामुळे कुलूप लागलं असं मला म्हणायचंच नव्हतं. पण तुम्ही आहात म्हणून ते कुलूप कुणाला खुपत नाही, यावर मी ठाम आहे. पुढच्या ग्रामसभेत नर्सच्या रिक्त जागेचा ठराव मांडतोय. बागायतदार, गुरख्यांची नावं रजिस्टरात घ्यायचा ठराव तुम्ही मांडा, मी अनुमोदन देतो.

तीन वाड्यांची आशा

मांडा. मी बसते पुढे. काकांचं कसं आहे आता?

खाडीपलीकडचा

बरे आहेत. काल चिखलणीला उतरले. गमबूट मेरेवर काढून ठेवले होते, भिजतात म्हणे.