अंघोळीचं पाणी 'उष्टं' होतं का?

कातरवेळ:
एका दिवाळी अंकाला लेख पाठवलाय. 2014 साली जपानी शिकत असताना गोल्डन वीकच्या सुट्टीत हामामात्सुच्या एका घरी आठवडाभर राहिले होते, त्या दिवसांबद्दल. त्यातलं माझं वाक्य असं: 'माझी अंघोळ झाली की त्याच पाण्यात घरातले चौघे एकेक करून बसायचे.' संपादकांकडून परत आलं ते 'माझ्या उष्ट्या पाण्यात' असं होऊन. मला ते वाचवेना. फोन केला तर म्हणाले, एकानं वापरून दुसऱ्यासाठी उरलं ते उष्टंच की.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिथे अंग घासणं, डोकं धुणं सगळं टबाच्या बाहेर, बुटक्या स्टुलावर बसून. साबणाचा फेस पार निघून गेला की मग टबात उतरायचं, तेही नुसतं अंग शेकायला. पाणी 41-42 अंश. बाहेर आलं की टबावर झाकण ठेवायचं, बूच काढायचं नाही. पाहुण्याला पहिला मान, म्हणून रोज मी आधी. याला उष्टं म्हणावं का? नाहीतर काय म्हणावं?

भीमथडी:
मुळीच म्हणू नये. उष्टं म्हणजे ओठ लागलेलं, ओष्ठवरूनच आलाय शब्द. पेल्यातलं पाणी उष्टं होतं, घंगाळातलं नाही. सरळ 'वापरलेलं पाणी' लिहा.

तळटीप:
ओष्ठाशी त्याचा संबंध नाही. मूळ उच्छिष्ट. शिष् धातू, ज्यातून शेष आणि अवशेष आले. अर्थ एवढाच की मागे उरलेलं. ओठ आपण नंतर चिकटवले. संपादक मुळाला धरून आहेत.

भीमथडी:
मुळाला धरून कुणी बोलत नाही. बँकेत उरलेल्या पैशांना उष्टे पैसे म्हणता का? शब्द लोकांच्या तोंडात जसा आहे तसाच वापरावा लागतो.

वळचण:
लोकांच्या तोंडातलंच सांगते. उष्टी हळद विसरलात? नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, तिला कुणाचं तोंड लागलेलं असतं? माझ्या लग्नात ती वाटी यायला उशीर झाला. ताजी हळद कालवून शेजारी ठेवलेली होती, तरी मावशी दारातून हलेना. उष्टीच लागते ती. बाळाच्या उष्टावणातही हाच शब्द. उष्टं म्हटलं की किळसच आली पाहिजे असं कुठे आहे? कातरवेळताई, तुमच्या त्या घरानं तुम्हाला आपलं मानलं, हे या शब्दात येतंय. राहू द्या.

पाणकळा:
वळचणताई, तुमची वाटी मला समजली. पण माझ्या आजीनं दुसऱ्यांच्या घरची उष्टी-खरकटी काढून आईला शिकवलं. पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायला कोण असायचं हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या घरात हा शब्द आजही कुणी हौसेनं उच्चारत नाही. छापील लेखात तो आला की माझ्यासारख्याला आधी ते आठवतं, हळद नंतर.

वळचण:
खरं आहे. माझ्या मनात ते आलं नव्हतं.

ओसरी:
उष्ट्याचं नंतर बघा, आधी बाकीचं मराठी सुधारा. 'टब' कशाला? द्रोणी म्हणा. 'गोल्डन वीक'ला सुवर्णसप्ताह. आणि तुम्ही 'एका घरी राहिले' म्हणताय, तिथे 'यजमान कुटुंब' हा सुटसुटीत शब्द आहे.

भीमथडी:
सप्ताह म्हटलं की मला वीणा, पहारा आणि काल्याचं कीर्तन दिसतं. चार सरकारी सुट्ट्या जवळजवळ आल्या त्याला सप्ताह? आणि द्रोणी कुणाच्या न्हाणीघरात आहे? बंबसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, त्यानं आपलं पाणी कमी तापलं का?

कातरवेळ:
'यजमान' मीच खोडला होता. 'माझे यजमान मला स्टेशनवर घ्यायला आले' असं लिहिलं आणि बहिणीनं विचारलं, भावजी कधी गेले जपानला? गंमत म्हणजे जपानीतही तसंच आहे. शुजिन म्हणजे घरधनी, आणि बायका नवऱ्यालाही शुजिनच म्हणतात.

आता पाण्याबद्दल. तळटीप, तुम्ही 'मागे उरलेलं' म्हणालात आणि मी थबकले. तिथे या पाण्याला नोकोरियुच म्हणतात. नोकोरु म्हणजे उरणं, यु म्हणजे गरम पाणी. सकाळी ओकासान, म्हणजे तिथली आई, त्यात पंपाची नळी सोडून तेच पाणी धुण्याच्या यंत्रात घ्यायची. दुसरं असं की पाहुण्यानं अंघोळीहून आल्यावर जे म्हणायचं असतं त्यात इतादाकु हे क्रियापद येतं. जेवायला बसताना हात जोडून इतादाकिमास म्हणतात, तेच. ताटातला भात आणि टबातलं पाणी दोन्ही नम्रपणे 'घ्यायचं'. म्हणजे अंघोळीला अन्नाचा शब्द लावणं त्यांना परकं नाही. पण पाणकळा यांचं वाचल्यापासून मला तो शब्द लिहवत नाही.

अजून एक. 5 मे हा तिथे मुलांचा दिवस. दुपारी नाकाताजिमाच्या वाळूवर पतंग बघून आलो. पहिलं मूल झालेल्या घराचा पतंग तिथे गल्लीतली माणसं मिळून उडवतात. रात्री टबाचं झाकण उचललं तर पाण्यावर हिरव्या लांब पात्यांची जुडी, तलवारीच्या पात्यांसारखी, दोऱ्यानं बांधलेली. वाफेबरोबर वास आला तो माझ्या भाच्याच्या टाळूचा. वेखंड! जपानी नाव शोबु. इंग्रजीत पुष्कळदा आयरिस म्हणून टाकतात, पण ते फुलझाड निराळं, त्याला हा वास नाही. शोबु याच उच्चाराचा त्यांचा दुसरा एक शब्द शौर्याला मान देणं अशा अर्थाचा आहे, म्हणून मुलग्यांच्या सणाला ही पाती. आपण मुळी उगाळतो, ते पाती पाण्यात सोडतात. त्या पाण्याला मी उष्टं कसं म्हणू?

तळटीप:
मग 'मागचं पाणी' कसं वाटतं?

ओसरी:
'स्नानशेष' म्हणा. शिष् धातूही राहतो.

पाणकळा:
स्नानशेष वाचून लोक पुढचं पान उलटतील. ताई, तुमचं पहिलं वाक्यच ठेवा. 'त्याच पाण्यात' यात सगळं येतं.

वळचण:
मला विचाराल तर पाण्याला नावच नको, क्रियापद शोधा. 'बसायचे' कोरडं वाटतं. डुंबायचे?

भीमथडी:
डुंबायला नदी लागते, नाहीतर म्हैस. ते गप्प बसून शेकतात. 42 अंशांत डुंबून दाखवा.

कातरवेळ:
पहिल्या रात्री मला ते सोसवेना, म्हणून नळ सोडून चिक्कार विसण घातलं. माझ्यामागून आजोबा गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातल्या, पाणी तापवायच्या बटणांच्या पट्टीतून यंत्रातल्या बाईचा आवाज आला, पाणी पुन्हा तापवते आहे म्हणून. आजोबा मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी आधी पाय, मग गुडघे असं करत उतरायला शिकले. हा प्रसंग लेखात आहे, आणि संपादकांनी 'विसण'खाली रेघ मारून विचारलंय, हे काय?

वळचण:
विसण कळत नाही त्यांना? मग उष्ट्याचं काय घेऊन बसलात! पहिल्यांदा तो शब्द वाचवा.

पाणकळा:
आमच्याकडे इसण. आणि पाण्यात नाही, पाण्याला इसण घालतात.

तळटीप:
पाण्यात. विसण हेही पाणीच, ते पाण्यात घालायचं.

पाणकळा:
भाजीला फोडणी घालता ना? तसं पाण्याला इसण.