जॅकेटवरचं ते एक अक्षर नक्की कशाचं?

दापोलीकर: मावसबहिणीचा मुलगा न्यू जर्सीहून मे महिन्यात आलाय, अंगात लोकरीचं जॅकेट, बाह्या लेदरच्या आणि छातीवर टॉवेलसारखं केसाळ मोठं 'एम'. इथे घामाच्या धारा लागल्यात आणि हा काढेना. नाव तर क वरून. म्हणे ट्रॅकमध्ये, म्हणजे धावण्याबिवण्यात, लेटर मिळालंय. आईला वाटलं ॲडमिशनचं पत्र आलं, तिने शेजारी पेढेपण वाटले 😅 ते एम शाळेचं का? आणि नुसत्या अक्षराचं एवढं काय?

आंब्याची_पेटी: हो शाळेचंच. हार्वर्डच्या बेसबॉल टीमने 1865 ला शर्टवर 'एच' लावला तिथून हे सुरू झालं, पुढे तिथल्या फुटबॉलमध्ये असं होतं की मोठ्या मॅचला खेळलात तर अक्षर तुमचं, नाहीतर सीझन संपला की परत करा. म्हणजे नुसतं टीममध्ये नाव असून भागत नाही, मैदानात उतरायला लागतं. आता प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, कुठे किती मॅच खेळला ते बघतात, ट्रॅकला पॉइंट किंवा टायमिंग. पुढच्या वर्षी परत मिळवलं तर बहुतेक ठिकाणी दुसरं अक्षर नाही, छोटी पट्टी देतात. आणि गंमत म्हणजे शाळा देते फक्त अक्षर, जॅकेट सहसा घरच्यांनीच घ्यायचं, ते चांगलंच महाग असतं. तुमच्या बहिणीला विचारा 😄

चढाई_पट्टू: आपल्याकडे कलर असतो की, विद्यापीठाकडून खेळला की कलर होल्डर, ब्लेझर वगैरे. ऑक्सफर्ड केंब्रिजवाले त्याला ब्लू म्हणतात. पण शाळेत काय, मी तीन वर्षं जिल्ह्याला कबड्डी खेळलो, हातात आलं एक सर्टिफिकेट, त्यातपण आडनाव चुकवलेलं आणि ते पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत बुरशी लागून गेलं. घरच्यांना पडलेली फक्त दहावीच्या ग्रेस मार्कांची. अक्षर शिवून दिलं असतं तर निदान अंगात घालून बाजारात तरी फिरलो असतो.

पेटीवाली_मास्तरीण: फक्त खेळालाच नाही हं, बऱ्याच शाळांत बँडला, अभ्यासालापण लेटर देतात. मुलींच्या खेळांना मात्र खरा जोर आला तो 1972 च्या टायटल नाइन कायद्यानंतर, म्हणजे शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा तिकडचा कायदा.

दापोलीकर: धन्यवाद मंडळी. आईला सांगितलं, तर म्हणते पेढे फुकट नाही गेले म्हणजे. जॅकेट आता पडवीत दांडीवर वाळत घातलंय, कारण काल हर्णैला मासळीचा लिलाव बघायला गेलेला तेव्हा एमवर बांगड्याचं पाणी उडालं. ते केसाळ अक्षर धुवायचं कसं कुणाला माहितीये का?