बडोद्याहून इंग्लंडला नर्स म्हणून जाताना हातात किती पैसे हवेत? आई पाटल्या गहाण ठेवायला निघालीय

दांडियाबाजारची_सिस्टर

नमस्कार. मी बडोद्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बीएससी नर्सिंग. याच ठिकाणी चार वर्षं दहा महिने झाले. पगार २६ हजार, त्यात बेसिक १४. ओईटी (इंग्रजीची परीक्षा) दुसऱ्या वेळी निघाली, सीबीटी (कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा) झाली, आणि गेल्या महिन्यात इंग्लंडच्या एका एनएचएस ट्रस्टचं (तिथली सरकारी हॉस्पिटलं चालवणारी संस्था) ऑफर लेटर आलं. विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याचं राहणं आणि पहिल्या ऑस्कीची (तिथे गेल्यावर द्यायची प्रॅक्टिकल परीक्षा) फी ते देणार. व्हिसाची फी आधी मी भरायची, रुजू झाल्यावर परत मिळेल.

माझ्याकडे १,८५,००० रुपये साठलेत. ज्या एजंटामार्फत इंटरव्ह्यू झाला तो आता 'फाइल चार्ज' म्हणून अडीच लाख मागतोय, आणि आठवड्यात नाही दिले तर ऑफर दुसऱ्या मुलीला जाईल म्हणतो. बाबा रिटायर्ड आहेत, भाऊ पॉलिटेक्निकला. काल नाइट करून घरी आले तर आईने पाटल्या डब्यातून काढून, चिंचेने घासून रुमालावर ठेवल्या होत्या. आजीने तिला लग्नात घातलेल्या. म्हणाली, "आज गोल्ड लोनवाल्याकडे जाऊन येऊ." मी झोप आल्याचं सांगून टाळलं.

तिकडे गेलेल्या कोणी खरे आकडे सांगाल का? किती लागतात, आणि नेमके कधी लागतात?

लेस्टरवाली_ताई

आधी पाटल्या डब्यात ठेवायला सांग, मग पुढचं वाच.

मी वाडीतली. जानेवारी २०२४ मध्ये इकडे आले. निघण्याआधी बाबांनी मांडवीतून एक लाल चोपडी आणून दिली, दिवाळीला दुकानदार पूजतात तसली, आणि म्हणाले, यात पै न् पै लिही. ती समोर उघडून बसलेय, त्यातलंच सांगते.

एजंटाचं पहिलं. ब्रिटनच्या भरतीच्या नियमांप्रमाणे नोकरी लावून देण्याबद्दल नर्सकडून एक पैसाही घेता येत नाही, ते पैसे ट्रस्ट देतो. आपल्याकडच्या कायद्यानेही परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. त्याचा नोंदणी क्रमांक माग आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे का बघ. त्याहून सोपं म्हणजे ऑफर लेटरवर ट्रस्टच्या एचआरचा ईमेल असेल, त्यावर आज दोन ओळी लिही: माझ्याकडे असे पैसे मागितले जात आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? ईमेलचा पत्ता मात्र ट्रस्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरून ताडून घे. आणखी एक, त्याने आरोग्य अधिभाराच्या (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतात ती फी) नावाने काही मागितलं तर तेही देऊ नकोस. हेल्थ अँड केअर व्हिसावर तो लागतच नाही.

आता फियांचं. एनएमसीच्या, म्हणजे तिकडच्या नर्सिंग कौन्सिलच्या, माझ्या वेळच्या सगळ्या फिया धरल्या तर अर्जाचे १४० पौंड, सीबीटीचे ८३, ऑस्कीचे ७९४ आणि शेवटी रजिस्टरवर नाव चढताना १५३. तुझी सीबीटी झालीय आणि पहिली ऑस्की ट्रस्ट देतोय, त्यामुळे मोठा भार उतरला. व्हिसाचे माझ्या वेळी २८४ पौंड होते, त्यानंतर वाढलेत, सरकारी साइटवर आजचा आकडा बघ. टीबीची टेस्ट ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या क्लिनिकमधूनच करावी लागते, मी अहमदाबादला जाऊन केली होती. पोलिस क्लिअरन्सचे ५०० रुपये. या गोष्टी सगळेच सांगतात, यूट्यूबवरही आहेत.

कोणी सांगत नाही ते मधल्या दिवसांचं, आणि मी तिथेच अडकले. मी २० जानेवारीला उतरले, २२ ला, सोमवारी, रुजू झाले. तोवर त्या महिन्याच्या पगाराची यादी बंद झालेली. पहिला पगार थेट फेब्रुवारीच्या शेवटी. ट्रस्टने दिलेली खोली मात्र तीस दिवसांचीच होती, म्हणजे १९ फेब्रुवारीला रिकामी करायची. नव्या खोलीचं भाडं ५२० पौंड, ते आगाऊ, आणि पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट म्हणजे ६००. पगाराला आठवडा बाकी आणि एकदम ११२० पौंड हवेत. मी बडोद्याहून ९०० घेऊन निघाले होते, त्यातलेही जेवण, बसचा पास, बूट यात २४० गेलेले. चोपडीत १९ फेब्रुवारीच्या पानावर फक्त '६६०' लिहून त्याभोवती मी पाच-सहा वेळा गोल केलाय. शेवटी वॉर्ड मॅनेजरला सांगितलं. ट्रस्टने ५०० पौंड ॲडव्हान्स दिले आणि पुढच्या पगारांतून कापले. मागायची लाज वाटत होती म्हणून आठ दिवस नीट झोपले नव्हते. तू तशी थांबू नकोस, ॲडव्हान्स मिळतो का ते आत्ताच ईमेलने विचार.

दुसरं, पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) मिळेपर्यंत पगार पूर्ण नसतो. मला तोवर बँड ४ (पगाराची पायरी; पिन मिळाल्यावर बँड ५) होता, कुठे कुठे बँड ३ देतात. तेव्हा बँड ४ चा पगार वर्षाला २५,१४७ पौंड आणि बँड ५ चा २८,४०७. म्हणजे महिन्याला २७० पौंडांचा फरक. टॅक्स, एनआय (तिकडचा सरकारी विमा) आणि पेन्शन कापून माझ्या हातात १,६५० च्या आसपास यायचे. ऑस्की रुजू झाल्यापासून बारा आठवड्यांत एकदा तरी द्यावीच लागते. मी एप्रिलमध्ये दिली आणि ड्रेसिंगच्या स्टेशनला, म्हणजे परीक्षेतल्या एका टप्प्यात, नापास झाले. हात आपले बसलेले असतात गं, पण तिथे प्रत्येक पायरी तोंडाने बोलून दाखवायची असते, आणि ग्लोव्ह्ज काढल्यावर हात धुवायचे राहिले. तेवढ्यावरून परत. राहिलेल्या स्टेशनांसाठी पुन्हा ३९७ पौंड, ते माझ्या खिशातून. पिन जूनमध्ये आला.

म्हणून सांगते, हातात १,५०० पौंड घेऊन निघ आणि पहिले पाच महिने घरी काही पाठवणार नाहीस हे आईला आत्ताच, समोर बसून सांग. मी सांगितलं नव्हतं. भावाच्या फीचे मार्चमध्ये पाठवले आणि इथे दोन आठवडे डाळ-भातावर काढले. आई आजही ते आठवून डोळे पुसते.

पौंड ११५ रुपये धरला तर १,५०० चे १,७२,५०० होतात. व्हिसा, टीबी, अहमदाबादच्या खेपा यांना ४५ हजार धर. एकूण २,१७,५००. तुझ्याकडे ३२,५०० कमी पडतात, आणि त्यातही व्हिसाचे नंतर परत येणार.

ते ३२,५०० तुझ्या हॉस्पिटलकडेच आहेत. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. बेसिक १४ हजार, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि पाच वर्षांनी गुणायचं, चाळीस हजारांच्या वर जातात. दोनच महिने राहिलेत तुझे! नोटीस पिरियडही नोकरीत धरला जातो, तर राजीनाम्याची तारीख अशी टाक की शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे पडेल. ट्रस्टकडे रुजू व्हायची तारीख पुढे मागून घे, नोटीसचं कारण त्यांना रोजचंच आहे.

आणि स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटवर ट्रस्टने मेन्टेनन्सची (तिथल्या सुरुवातीच्या खर्चाची) हमी घेतलीय का ते बघ. नसेल तर १,२७० पौंड तुझ्या खात्यात सलग २८ दिवस दिसायला हवेत. त्या दिवसांत त्याला हात लावायचा नाही.

प्रतापनगरचे_काका

बेटा, ताईंनी सांगितलंय तसंच कर. माझी मुलगीही नर्स. तिला आखातात पाठवायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी मी सोनं ठेवून दोन लाख उचलले आणि एका माणसाला रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, घरच्यासारखे आहात, पावती कसली. दोन महिन्यांनी ऑफिसला गेलो तर शटर बंद, बाहेर दुसऱ्याच धंद्याचा बोर्ड. व्याज मी अजून भरतोय. मुलगी शेवटी सरळ मार्गाने गेली, सुखात आहे. पण तिच्या आईच्या गळ्यातली चेन काही परत आली नाही. 'आठवड्यात द्या नाहीतर दुसऱ्याला' हे वाक्य मलाही असंच ऐकवलं होतं.

बँकेतून_निवृत्त

दोन कामं निघण्याआधी उरकून घ्या. तुमचं आत्ताचं बचत खातं परदेशी नोकरीला गेल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं) करावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. आईला एनआरओवर मँडेट (खातं चालवायचा अधिकार) देऊन ठेवा, म्हणजे बिलं अडणार नाहीत. पीएफचा मोबाइल नंबर आणि आधार आत्ताच तपासा. भारतातला नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि तिकडून धावपळ होते.

दांडियाबाजारची_सिस्टर

ताई, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. १९ फेब्रुवारीच्या पानापाशी ती उठून आत गेली. मी गेले तर पाटल्या परत डब्यात होत्या आणि ती कणीक मळत होती.

एचआरला ईमेल केला. आज उत्तर आलं. एजंटाला त्यांनी पैसे दिलेत, माझ्याकडून काही घ्यायचं नाही, आणि त्याने मागितल्याचं त्यांना लेखी हवंय. मी व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पाठवले. रुजू व्हायची तारीखही नऊ आठवडे पुढे दिलीय. मेन्टेनन्सची हमी ते घेतात, ॲडव्हान्सही मिळतो, पण ४०० पर्यंतच.

पाच महिन्यांचं आईला सांगितलं. ती म्हणाली सहा धर.

ताई, एक राहिलं. थंडीचं जॅकेट इथून घेऊ का? मंगळबाजारात एक बघितलंय, २,८०० ला.

लेस्टरवाली_ताई

नको घेऊस, ते इथल्या पावसात दोन दिवस टिकत नाही. मी इथल्या चॅरिटी शॉपमधून १२ पौंडांना घेतलं, तिसरा हिवाळा चाललाय. त्या पैशांत तीन लिटरचा कुकर घे आणि बॅगेत कुकरच्या आत मसाल्याचे डबे भर. उतरल्यावर मला इथे मेसेज कर.