सिनेमा बघून सगळे एकसारखे: तुमचे अनुभव सांगा

ओवी_सातारा
काल लेकाचे केस कापायला गेले होते. बाकावर कॉलेजची पोरं ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या मोबाइलवर एकाच हिरोचा फोटो. एकदम शाळा आठवली. २००३ मध्ये 'तेरे नाम' लागला आणि वर्गातली झाडून सगळी मुलं मधोमध भांग पाडून, कपाळावर दोन्हीकडून केस सोडून यायला लागली. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचे केस कुरळे. खोबरेल चोपडायचा, रात्री डोक्याला रुमाल घट्ट बांधून झोपायचा, तरी मधल्या सुट्टीपर्यंत बटा पुन्हा वर! सगळे इतके चिडवायचे की शेवटी त्याने टक्कल केलं. सलमानने काही घरी येऊन सांगितलं नव्हतं, माझ्यासारखे केस ठेवा म्हणून. सक्ती वर्गातल्या पोरांनीच केली. मला अजून राग येतो. तुमच्याकडे काय काय झालं, लिहा.

गारवा
+१. आमचे सर प्रार्थनेला कात्री घेऊनच उभे असायचे. पुढची एक बट कापायची आणि दिवसभर तसंच बसायचं. घरी वडलांचा मार वेगळा.

चिंगी
टक्कल म्हणजे पार शेवटापर्यंत नक्कल केली की :) त्यात सलमानचं पण शेवटी टक्कलच असतं

ओवी_सातारा
चिंगे, हसू नकोस गं. कितीतरी दिवस शाळेत आला नव्हता तो.

चिंगी
अरेरे. सॉरी ताई.

निवांत आजी
आमच्या वेळी साधना कट. थोरल्या ताईने घरात न विचारता कपाळावरचे केस कापले. आईने तेल थापून ते मागे चापून बसवले, वर दोन पिना. ताई फाटकाबाहेर पडली की पिना काढून कंपासपेटीत टाकायची आणि ओल्या रुमालाने कपाळ पुसायची. मैत्रिणींमध्ये एकटीच वेणीवाली राहायची लाज वाटायची म्हणे तिला.

भटक्या
आजी, 'वक्त'मधला ना तो कट?

निवांत आजी
नाही रे बाळा, 'लव्ह इन सिमला', १९६०. साधनाचं कपाळ मोठं दिसायचं म्हणून दिग्दर्शक नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखी झालर ठेवायला लावली. 'वक्त' १९६५चा, त्यातून घट्ट चुडीदार आले. अडचण तिच्या कपाळाची, पण ज्यांचं कपाळ दोन बोटांचं त्याही कापत सुटल्या.

दगडफूल
कुरळ्या केसांवरून विचारते, माझ्या मुलीचे फार गुंततात. शॅम्पू कुठला वापरता?

गारवा
जवस उकळून त्याचं जेल लावा. बायको तेच करते.

अनघा_डोंबिवली
केस राहू द्या, लग्नांचं बोला!! बूट पळवणं आमच्या घरात कधी नव्हतं. 'हम आपके हैं कौन' १९९४चा, त्यानंतर प्रत्येक लग्नात. मामेबहीण बिचारी सांगत होती, संगीत नको, पिवळे कपडे नकोत. करवल्या ऐकतील तर शपथ. "सगळे करतात" एवढंच उत्तर. लाजाहोमाला गुरुजी कान पिळायला भावाला हाका मारतायत आणि भाऊ मंडपामागे नवऱ्याचे बूट लपवतोय. आपली कानपिळी काय कमी मजेची आहे का?

चिंगी
हाहाहा. कुकर लावून येते, मग आमच्याकडचं लिहिते

माणदेशी
सैराटचं सांगतो. २०१६ ला पुतणी नववीत. आर्चीला बुलेटवर बघितलं आन् पोरगी हट्टाला पेटली, मोठी झाल्यावर शिकलीच. आता दोन्ही बाजूंना किटल्या लावून डेअरीला दूध घालून येती. अभिमान हाय आम्हाला. पण त्याच पिक्चरनं दुसरा ताप दिला. कुठलीबी वरात असू द्या, झिंगाट लागलं की पोरी तिला ओढत नेत्यात. तिला नाचायला आवडत नाय. "बुलेट चालवती आन् नाचायला लाजती व्हय?" आर्ची झाली म्हंजी समदी आर्चीच व्हायला पायजे, असं कुठं असतं? मागच्या लग्नात रडत घरी आली.

ओवी_सातारा
दादा, तिला सांगा, मनात नसेल तर अजिबात नाचू नकोस. बुलेटचं वाचून फार भारी वाटलं.

भटक्या
बुलेट कुठली? विकायची असेल तर कळवा.

माणदेशी
साडेतीनशे, जुनी. विकायचं नाव काढलं तर जेवायची नाय ती.

निवांत आजी
गाडीवरून आठवलं. 'बॉबी'नंतर ह्यांनी राजदूतची ती बुटकी जीटीएस घेतली. लोक तिला बॉबीच म्हणायचे. हे सहा फुटी, गुडघे हँडलला लागायचे. पण आळीतल्या सगळ्या तरुण मुलांकडे तीच, मग दुसरी कशी घेणार?

दगडफूल
गारवा, जवस किती वेळ उकळायचं?

गारवा
चिकट तार सुटेपर्यंत. गरम असतानाच गाळा, गार झालं की गाळलं जात नाही.