अतिपातळ कार्बन फिल्म भोकांवर टिकत नाही – मदत हवी आहे

क्रायो-ईएम (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करणाऱ्यांना विचारतोय. माझं प्रोटीन साधारण १५० किलोडाल्टनचं. साध्या होली कार्बन ग्रिडवर (भोकं असलेली कार्बन फिल्म लावलेली धातूची बारीक जाळी) ते भोकांत उतरतच नाही, बाजूच्या कार्बनला जाऊन चिकटतं. जे थोडे कण भोकांत सापडतात ते सगळे एकाच कुशीवर. हवा-पाण्याच्या सीमेवर अडकत असावेत. म्हणून भोकांवर २ नॅनोमीटरची अखंड फिल्म असलेले ३०० मेशचे तांब्याचे ग्रिड घेतले.

आता गोठवून बघितलं की जाळीच्या बऱ्याच चौकोनांत फिल्म गायब, भोकांच्या कडेला गुंडाळलेल्या चिंध्या तेवढ्या दिसतात. ग्लो डिस्चार्ज (पाणी पसरावं म्हणून ग्रिडला दिलेला प्लाझ्मा) १५ मिलिअँपिअर, ३० सेकंद. ब्लॉटिंग (जास्तीचं द्रावण कागदाने टिपणं) दोन्ही बाजूंनी. ग्लो डिस्चार्ज वगळला तर थेंब मण्यासारखा उभा राहतो, पसरतच नाही.

१० नॅनोमीटरची फिल्म निगेटिव्ह स्टेनिंगला (न गोठवता, जड धातूच्या क्षाराने रंगवून बघायला) ठीक आहे, पण बर्फात एवढ्या लहान कणाचा सिग्नल तिच्या गोंगाटात बुडेल. आणि कृपया फिल्मऐवजी ग्राफीन ऑक्साइडचा पातळ थर सुचवू नका, त्याच्या घड्या बघून वैतागलोय.

फिल्म प्लाझ्माने जाते की ब्लॉटिंगने, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १:
बहुधा दोन्हींनी. हवेच्या प्लाझ्मातला ऑक्सिजन कार्बन खातो. जाड फिल्मला ते जाणवत नाही, २ नॅनोमीटरमध्ये खायला उरतंच किती! करंट ५ वर आणा, वेळ १० सेकंदांच्या आसपास ठेवा, आणि नंतर ग्रिड ठेवून चहाला जाऊ नका. पृष्ठभाग हळूहळू पुन्हा पाणी झटकू लागतो.

ओळखायचं असेल तर एकाच डबीतले तीन ग्रिड घ्या. एक तसाच, दुसरा फक्त ग्लो डिस्चार्ज केलेला, तिसऱ्यावर पुढे बफर टाकून ब्लॉट केलेला. गोठवायची गरज नाही, कमी मॅग्निफिकेशनवर तसेच बघा. तिसरा वाळताना थोडा फाटेलच, तेवढं सोडून द्या. पहिल्यातच भोकं उघडी दिसली तर डबीच बदला.

ब्लॉटिंग फक्त मागच्या बाजूने करा. प्रोटीनही पातळ करा. फिल्म कण ओढून घेते, त्यामुळे होली ग्रिडच्या एकदशांश प्रमाणापासून सुरुवात करायला हरकत नाही. बफरमध्ये काय काय आहे?

धागाकर्ता:
डिटर्जंट नाही. ट्रिस, मीठ, ५ टक्के ग्लिसरॉल.

प्रतिसाद १:
ग्लिसरॉल आधी काढा. कार्बनचा गोंगाट टाळायला २ नॅनोमीटरवर आलात आणि प्रोटीन-बर्फातला कॉन्ट्रास्ट ग्लिसरॉलने घालवताय.