अनुभव धागा: 19 डिसेंबर, तुमच्या घरातला

उद्या गोवा मुक्तिदिन. 451 वर्षं, ऑपरेशन विजय, 36 तास हे सगळं शाळेत पाठ केलंय, ते इथे नको. घरच्या म्हाताऱ्या माणसांनी काय सांगितलं ते लिहा. सुरुवात मीच करतो. घर म्हार्दोळचं. आजीला त्या दिवसांतला लक्षात राहिला तो आवाज. माघार घेताना पाखल्यांनी (म्हणजे पोर्तुगीजांनी) बाणस्तारीचा पूल उडवला. ती चुलीवर पेज ठेवत होती. वाटलं, कुणीतरी विहिरीला सुरुंग लावलाय. पुढे बरेच दिवस पलीकडे जायचं तर होडी. मुक्ती म्हटलं की तिला आधी ती होडीची रांग आठवायची.

*

मी बांद्याचा. आमच्याकडे 15 ऑगस्ट 1955 जास्त बोलला जातो. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या तो दिवस. आजोबा मागच्या दाराची फळी काढून धावले, जखमींना उचलून आणायला. ते दार नंतर कधी नीट बसलंच नाही. आता त्याच पत्रादेवीवरून आमची अर्धी आळी रोज गोव्यात कामाला जाते.

*

पणजीत हॉटेलात नोकरी. आमची सुट्टी कॅलेंडरवर. भर सीझन असतो! दरवर्षी एक तरी पाहुणा विचारतो, ‘आज ड्राय डे तर नाही ना?’

*

म्हापसा. आजोबांचं किराणा दुकान. 1958 साली पोर्तुगीजांचं जुनं चलन रुपिया जाऊन एश्कुद आला, एका रुपियाला सहा. 61 नंतर भारतीय रुपये. उधारीची वही एकच आणि नाणी तीन! जुनी उधारी कशात फेडायची यावरून गिऱ्हाइकांशी वाद व्हायचे, आणि दरवेळी आजोबाच हरायचे (आजीचं मत).

पुढचं लिहू की नको, कळत नाही. त्याच आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवरून चुलतभावाने लिस्बनला नोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला. सध्या इंग्लंडात असतो. काका मुक्तिदिनाला न चुकता झेंडावंदनाला जातात आणि तो जुना दाखला प्लास्टिकमध्ये घालून कपाटात कुलपात ठेवतात.

*

लिहिलंत ते बरं केलंत. चुलतभावालाही लिहायला सांगा.

*

गोव्याचा नाही, पण चालत असेल तर. नांदेड. आमचा 17 सप्टेंबर, 1948 चा. भारतीय सैन्याच्या कारवाईत, म्हणजे ‘पोलिस ॲक्शन’मध्ये, हैदराबादच्या निजामाचं आणि त्याच्या सशस्त्र रझाकारांचं राज्य गेलं. आजी मुक्तिसंग्राम वगैरे म्हणत नसे. थोरल्या काकाचा जन्म ‘रझाकारीच्या साली’, आत्याचा ‘पोलिस ॲक्शननंतर’, असा तिचा हिशोब. शाळेतून झेंडावंदन करून येताना आम्ही चाचांच्या दुकानावरून यायचो. एरवी गोळी हातावर ठेवणारे चाचा त्या दिवशी दुकान उघडत नसत. मोठा झाल्यावर आजीने सांगितलं, त्यांचं गाव सुटलं ते त्याच महिन्यात, आणि इथे आले ते एकटेच.