शाळेतला उत्क्रांतीचा धडा: तुमचे अनुभव लिहा

सुरंगी
भाचा चिपळूणला सीबीएसईच्या शाळेत दहावीत आहे. काल त्याचं विज्ञानाचं पुस्तक चाळलं. आनुवंशिकता आहे, उत्क्रांती गायब! २०२३ मध्ये ही पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटीने ती काढली, १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं, हे सगळं तेव्हा वाचलं होतं. पण पुस्तक हातात घेतल्यावर फार वाईट वाटलं.

आमच्या बाई ओहोटीला सगळ्या वर्गाला खाडीवर घेऊन गेल्या होत्या. चिखलात निवटे मासे. पुढच्या परांवर रेटा देत सरकतात, डोळे डोक्यावर, पाण्याबाहेर मजेत. बाई म्हणाल्या, "हा काही आपला पूर्वज नव्हे. पण मासा जमिनीवर येऊ शकतो का, हे मला विचारू नका. समोर बघा."

तुम्हाला कसं शिकवलं? लिहा सगळ्यांनी.

खाडीकाठ
निवटे!! आमसूल घालून कालवण. बुळबुळीत असतात, राख चोळून धुवायचे.

भाऊ दापोलीकर
नशीबवान आहात. आमच्या सरांनी "घरी वाचा" म्हणून धडा सोडला. आदल्या वर्षी एक पालक शाळेत येऊन भांडले होते, आमच्या पोरांना माकडाची औलाद म्हणता का म्हणून. अहो, माकड आणि माणूस यांचा पूर्वज एक, एवढंच म्हणणं आहे. २०१८ ला केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून खोडून काढलं.

माईआत्या
स्टेट बोर्डात आहे ना गं अजून? नातीच्या पुस्तकात बघितल्यासारखं वाटतंय. कुकर लावलाय, नंतर येते.

सुरंगी
हो माई, दहावी विज्ञान भाग २, पहिलाच धडा. सीबीएसईवाल्यांना थेट बारावीच्या जीवशास्त्रात. म्हणजे कॉमर्सला गेलेल्या पोराला कधीच नाही. माझा जीव त्यासाठीच तुटतो.

कुडाळचो झील
आमच्या मास्तरांनी मत्स्य, कूर्म, वराह म्हणजेच डार्विन असं सांगून धडा संपवला. घरी बाबांना सांगितलं. बाबा स्वतः दशावतारात संकासुर करायचे, रात्रभर उभे. ते म्हणाले, "अवताराक हात जोडूचे, शास्त्र तपासून बघूचा. दोनय एकात कालवू नको." शाळेत एवढं स्वच्छ कोणी सांगितलं नाही.

माहेर देवगड
मी आता पेनसिल्व्हेनियात. इथे डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठरवलं, नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला 'इंटेलिजंट डिझाइन'बद्दल निवेदन वाचायचं. म्हणजे सजीव इतके गुंतागुंतीचे, तर कोणीतरी बुद्धिमान घडवणारा असणारच. विज्ञान शिक्षकांनी वाचायला नकार दिला! ११ पालक कोर्टात गेले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही. त्या शिक्षकांचं मला फार कौतुक. नोकरी सांभाळून असं उभं राहणं सोपं नसतं.

कलमवाला
आंब्यावर तुडतुडा नावाचा किडा पडतो. वडील मारायचे त्या औषधाला आता तो दाद देत नाही. फवारणीत तगले त्यांचीच पिलावळ वाढत गेली. दुकानदार म्हणतो मात्रा वाढवा. कृषी शिकलेली पुतणी म्हणाली, काका, मात्रा नको, औषधाचा गटच बदलून मारा, नाहीतर तगणारेच निवडून काढाल. हीच की उत्क्रांती! बागायतदाराच्या पोरांना हा धडा सगळ्यात आधी हवा.

भाऊ दापोलीकर
लाख बोललात. मोहर कसा यंदा?

कलमवाला
थंडी उशिरा पडली. अर्ध्या कलमांना पालवीच आलीय.

माईआत्या
आले. ते निवट्यांना राख चुलीचीच लागते का? आमच्याकडे गॅस आहे.

खाडीकाठ
जाडं मीठ चालेल माई.